चाबूक कुणी मोडायचा

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळही काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. वडिलांजवळ तर नाहीच — ते गेले तेव्हा माझ्याबद्दलचा अभिमान बरोबर घेऊनच गेले. तुमची माझी ओळख नाही. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून कदाचित जमेल.

कुठून सुरुवात करू? सिनेमापासून करते. ते सोपं आहे.

वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे, कम्युनिस्ट पक्षाचे पक्के कार्यकर्ते. आम्ही वर्तकनगरला राहायचो. युनियनच्या हॉलमध्ये अधूनमधून रविवारी सकाळी रशियन सिनेमे दाखवायचे. भाषणबाजीचा सिनेमा असला की पोरं मागच्या दाराने पसार व्हायची, पण साहसाचा असला की हॉल गच्च भरायचा. वाळवंट, घोडे, दरोडेखोर, बुडणारी जहाजं, पुलाखाली लावलेले सुरुंग! रशियन कुणालाच येत नव्हतं. वडील माझ्या कानाशी वाकून गोष्ट सांगायचे. भाषा त्यांनाही येत नव्हती, पण गोष्ट त्यांना आधीच माहीत असायची. लाल चांदणीची टोपी घातलेला तो आपला. जाडा, बोटांत अंगठ्या घातलेला तो शोषण करणारा. आणि मागे घोळक्याने उभी आहेत ती गरीब माणसं — त्यांना आपला माणूस सोडवणार.

त्या घोळक्यातले चेहरे पुष्कळदा आमच्यासारखे असायचे. रापलेले, डोक्याला फडकं बांधलेले. ती माणसं घाबरायची, रडायची, शेवटी हसायची. बोलायची क्वचितच. मला ते कधी खटकलं नाही. त्या वयात तुम्हाला तरी खटकलं असतं का? मला स्वतःला टोपीवाल्यासारखं व्हायचं होतं. घोळक्यातलं व्हावं असं कुणाला वाटतं?

त्या सिनेमांपायी मी रशियन शिकले. कॉलेज सांभाळून मुंबईला वर्गाला जायचे. चांगली शिकले — ही बढाई नाही, पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी हे सांगणं भाग आहे. मला शब्द अडला, समजायला चूक झाली, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पदवी झाल्या झाल्या मला काम मिळालं. एका रशियन सिनेमाचं थोडं शूटिंग ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरांवर होणार होतं आणि त्यांना दुभाषी हवी होती. वडिलांनी युनियनच्या ऑफिसात पेढे वाटले.

सिनेमा साहसाचाच होता. पूर्वेकडचा कुठलासा देश, ज्याला नावच नाही. साम्राज्यवाद्यांच्या जहाजावरून एक रशियन खलाशी उडी मारतो, पोहत किनाऱ्याला लागतो आणि मिठागरावरच्या मजुरांत लपून राहतो. एक दिवस मुकादम मजुरांवर चाबूक उगारतो. खलाशी पुढे होतो, चाबूक हिसकावतो, त्याचा दांडा गुडघ्यावर आपटून मोडतो. मजुरांमधला सगळ्यात म्हातारा माणूस त्याच्या पायावर डोकं ठेवतो. खलाशी त्याला उठवून छातीशी धरतो. तिथून उठाव सुरू होतो.

त्या म्हाताऱ्याच्या कामासाठी मिठागरालगतच्या गावातल्या जोमाबाबांना निवडलं. सगळं आयुष्य मिठागरात गेलेला आगरी माणूस. उंच, पाठ ताठ, बोलणं मोजकं. त्यांची सून वनिता त्यांची भाकरी घेऊन यायची — माझ्याच वयाची, नुकतीच लग्न होऊन आलेली. मला ती 'मॅडम' म्हणायची आणि मला ते आवडायचं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी मी जोमाबाबांना सीन समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते बोलायला लागले, आणि बराच वेळ बोलले. त्यांच्या तरुणपणी मिठागराच्या मालकाच्या मुकादमाने एका बाईवर हात टाकला होता. तेव्हा गावाने काम थांबवलं. पाऊस तोंडावर आलेला, मिठाच्या राशी उघड्या पडलेल्या, आणि त्यांच्यावर पेंढा घालायला एकही माणूस जाईना. मालक गाडी घेऊन आला, धमक्या देऊन गेला, पुन्हा आला. एक रास डोळ्यांदेखत विरघळली, तेव्हा त्याने मुकादमाला काढलं. आणि त्या मुकादमाच्या हातातली काठी हिसकावून घेणारे होते हे स्वतः जोमाबाबा.

"आमी उठलू तवा कोन गोरा आलता?" ते म्हणाले. "मी कुनाचे पाया परनार नाय."

खरं सांगू? त्यांचं अर्धंमुर्धं बोलणंच मला कळत होतं. 'परनार' म्हणजे 'पडणार', हे लक्षात यायला मला थांबावं लागलं. रशियातल्या उत्तरेकडच्या माणसाचे हेल मला ओळखता येत, आणि माझ्या घरापासून सायकलने जाता येईल अशा गावातला माणूस बोलत होता तर मी अंदाजाने मान हलवत होते. मात्र शेवटची दोन वाक्यं मला पक्की कळली. तिथे अंदाज नव्हता.

दिग्दर्शक जवळच उभे होते. थोराड, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. उन्हाने त्यांचं नाक सोलवटलेलं असायचं. त्यांनी विचारलं, इतका वेळ काय सांगतोय हा? मी म्हणाले, त्यांना फार सन्मान वाटतोय.

हे पहिलं खोटं. पण हे ते नव्हे. अजून मी त्याच्यापाशी आले नाही.

मी असं का बोलले? शूटिंगच्या भारतीय बाजूच्या व्यवस्थापकाने मला आधीच सांगून ठेवलं होतं — काम सुरळीत झालं, कुरबुरी झाल्या नाहीत, तर मॉस्कोला शिकायला पाठवण्यासाठी तुझं नाव सुचवू. हे एक झालं. जोमाबाबांची भाषा मला नीट येत नाही हे उघडं पडेल, ही भीती होती. हे दुसरं. आणि तिसरं, जे मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा बोलले — मला तो सीन आवडला होता. म्हातारा वाकतो, गोरा हात त्याला उठवतो... वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट ती. खरा म्हातारा मध्येच उभा राहून तीच मोडत होता. मला त्याचा राग आला होता. होय, राग.

दुसऱ्या दिवशी तालीम झाली. खलाशाचं काम करणारा नट पुढे आला, दांडा मोडला, आणि जोमाबाबा नुसते उभे राहिले. पुन्हा केलं, पुन्हा उभे. ऊन उतरायला लागलं होतं. कॅमेऱ्यामागची माणसं आभाळाकडे बघत होती, व्यवस्थापक माझ्याकडे. दिग्दर्शक मात्र जोमाबाबांकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, हा माणूस चिडलेला आहे, काहीतरी सांगतोय. मला वाटतं, आपण लिहिताना चुकलो. त्याचे हात बघ. चाबूक त्यानेच मोडला तर? खलाशी नुसता बघत राहील. त्याला विचार, तो करेल का?

ऐकलंत ना? त्यांनी विचारलं होतं. त्या सिनेमाच्या साच्यात तयार झालेल्या, तसेच सिनेमे करत आलेल्या माणसाने त्या वाळत्या चिखलात उभं राहून तो साचा मोडायची तयारी दाखवली होती. फक्त माझ्यामार्फत.

सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं. वेळ गेला असता, व्यवस्थापकाचं तोंड वाकडं झालं असतं. आणि काल त्यांना सन्मान वाटतोय असं मी सांगितलं होतं, त्याचं काय?

मी जोमाबाबांकडे वळले आणि विचारलं, "बाबा, उन्हाचा त्रास होतोय का?"

"नाय," ते म्हणाले.

मी दिग्दर्शकांकडे वळले आणि रशियनमध्ये म्हणाले, "ते नाही म्हणतात."

हेच ते.

शब्दाला शब्द खरा होता. त्यांनी 'नाही' म्हटलं होतं, दिग्दर्शकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, मान हलताना पाहिली होती. त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, ठीक, आहे तसंच करू या.

मग मी जोमाबाबांच्या अगदी जवळ गेले. त्यांना म्हणाले, साहेबांनी तुमचं ऐकलंय. आज पाया पडायचा सीन घेऊ. उद्या पुढचा घेऊ, त्यात चाबूक तुम्हीच मोडणार. आज हे केलं नाही तर उद्याचं होणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं ना, पोरी?"

"हो, बाबा."

आणि ते वाकले. एकाच टेकमध्ये झालं. रशियन माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शूटिंग नव्हतंच. सामान गाड्यांत भरून पुढच्या ठिकाणी निघायचं होतं. जोमाबाबा आले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. बरोबर गावातली माणसं आणली होती — बघायला. मी गाडीत बसले होते. मला ते दिसत होते, आणि खिडकीची काच खाली करायला काय लागतं? मी खाली केली नाही. एका पोऱ्याच्या हाती निरोप पाठवला की कॅमेरा बिघडलाय, नंतर बघू. गाडी हलली तेव्हा ते बांधावर उभेच होते. बाकीचे पांगत होते, ते नव्हते.

पुढे मी मॉस्कोला गेले. शिकले, परत आले. त्या वर्षांबद्दल काही सांगत नाही. मजेत गेली.

परत आल्यावर तो सिनेमा ठाण्यात दाखवला. वडील पुढच्या रांगेत होते. श्रेयनामावलीत रशियन अक्षरांत माझं नाव आलं तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. गावातली माणसं टेम्पो करून आली होती. जोमाबाबा पडद्यावर दिसताच गावकऱ्यांनी आरोळ्या ठोकल्या. मग ते वाकले, आणि हॉल हळूहळू गप्प झाला. पोरांपैकी कुणीतरी फिदीफिदी हसलं. पुढचा सगळा सिनेमा मी पडदा पाहिलाच नाही, त्यांची पाठ पाहत होते. सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं उठली, ते बसून राहिले. त्यांचा सीन अजून यायचा होता ना.

मग ते माझ्याकडे आले. वडील माझ्या शेजारी उभे होते. जोमाबाबांनी विचारलं, "चाबकाचं काय झालं?"

मी म्हणाले, "रशियात कापलं, बाबा. त्यांच्या लोकांनी कापलं."

"बरं," ते म्हणाले.

वडील नंतर हळहळले. म्हणाले, कापायला नको होतं, चूक झाली पक्षाची. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं, आणि तेही माझ्या खोट्यामुळे.

जोमाबाबा काही वर्षांनी वारले. मला कळलं ते पुष्कळ उशिरा.

मग तो सोव्हिएत देशच उरला नाही. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, कंपन्यांची कागदपत्रं भाषांतरित करून संसार केला. रशियन सिनेमांचं नावही कुणी काढेनासं झालं. आणि अलीकडे ते परत आले — यूट्यूबवर, कॉलेजच्या अभ्यासक्रमात, ठाण्या-कल्याणच्या फिल्म क्लबांत. आता लोक वेगळं विचारतात. पडद्यावर कोण बोलतं, कोण गप्प असतं? मुक्ती देणारा नेहमी गोराच का? पूर्वेकडची माणसं नेहमी घोळक्यातच का? प्रश्न खरे आहेत. त्या सिनेमांत ते होतंच, हे मी नाकारत नाही. मी बोलायला लागले आणि चांगलं बोलायला लागले. माझ्याकडे इतर कुणाकडे नव्हतं असं एक उदाहरण होतं. मी स्वतः तिथे हजर होते.

मी तो सीन दाखवते. म्हातारा वाकतो तिथे चित्र थांबवते. सांगते, बघा — समतेची भाषा बोलणाऱ्या विचारसरणीलासुद्धा आमचा माणूस उभा राहिलेला सोसला नाही. मग मी जोमाबाबांची खरी गोष्ट सांगते, विरघळलेली रास, हिसकावलेली काठी. लोकांच्या अंगावर काटा येतो. दरवेळी येतो.

ते दिग्दर्शक आता हयात नाहीत. त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही.

गेल्या वर्षी ठाण्यात असंच भाषण झालं. शेवटी एका मुलीने विचारलं, पण मॅडम, त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं का, की तुम्हाला हे करायचंय का?

इथे सांगता आलं असतं. त्या मुलीने दार सताड उघडून दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "कुणीही विचारलं नाही."

टाळ्या संपल्यावर गर्दीतून एक बाई पुढे आली. केस पिकलेले, गळ्यात जाड मंगळसूत्र. मी ओळखलं नाही. तिनेच सांगितलं — मी वनिता, जोमाबाबांची सून. भाषणाचं पोस्टर नातवाने मोबाइलवर दाखवलं म्हणून ती आली होती. तिने माझे दोन्ही हात धरले. सांगितलं, सिनेमा आल्यावर गावातली टारगट पोरं बाबांसमोर येऊन वाकायची, 'साहेब, उठवा' म्हणायची. बाबांनी नाक्यावर बसणं सोडलं. गावात कुणाला पटत नव्हतं की पुढचा सीन होता आणि तो कापला. ते एकटेच सांगत राहायचे, मॅडमला विचारा, मॅडमला माहीत आहे.

"तुमी आमच्या बाबांची बाजू मांडलीत," वनिता म्हणाली. आणि रडली.

मी तिला जवळ घेतलं. बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं. ते मी बोलले नाही. पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर गावाने कार्यक्रम ठरवला. मिठागरं कधीच बुजली, तिथे टॉवर झालेत, पण गावाचा हॉल आहे. जोमाबाबांचा मोठा फोटो लावायचा आणि माझा सत्कार करायचा. वनिताचे फोन येत राहिले. तब्येतीचं कारण काढता आलं असतं, प्रवासाचं काढता आलं असतं. मी गेले. चांगली साडी नेसून गेले.

फोटो सिनेमातलाच होता, कारण त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. खलाशाचे पाय दिसू नयेत म्हणून पोरांनी तो कापून घेतला होता. फक्त वाकलेला चेहरा आणि मिठागराचं पांढरं पाणी. मी हार घातला. मला शाल दिली, नारळ दिला. बोलायला सांगितलं. समोर म्हातारी माणसं बसली होती, त्यांतली काही त्या दिवशी बांधावर उभी असतील. मी तेच भाषण केलं. रशियनांनी सीन कापला, तेही सांगितलं, कारण आता ते वगळणं शक्य नव्हतं. दिग्दर्शकांचं नाव घेतलं तेव्हा एक म्हातारा हळूच काहीतरी शिवी पुटपुटला. मी थांबले नाही.

कार्यक्रम संपल्यावर वनिता मला जेवायला घेऊन गेली. पंगतीत तिच्या शेजारी बसवलं. तांदळाची भाकरी होती, कोलंबी होती. ती मला आग्रह करून वाढत होती, आणि मी जेवले. नीट, पोटभर जेवले. भाकरी आणखी एक मागून घेतली.